हाक आणि होकार

ख्रिस्ती विचारात श्रद्धेचा आरंभ देवाच्या हाकेपासून होतो. माणसाच्या वाट्याला येतो तो होकार किंवा नकार. गालीलच्या सरोवराकाठी येशूने कोळ्यांना बोलावले आणि जाळी तिथेच टाकून ते त्याच्यामागे गेले, ही या हाकेची सर्वांच्या ओळखीची कथा. पण शुभवर्तमानांत नकाराच्याही कथा आहेत. सार्वकालिक जीवनाची वाट विचारायला एक श्रीमंत माणूस येतो. असेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असे त्याला सांगितले जाते. मालमत्ता पुष्कळ असल्याने तो खिन्न होऊन निघून जातो. येशूला त्याच्याविषयी माया वाटली, असे मार्क मुद्दाम नोंदवतो. तरी कोणी त्याच्यामागे धावत नाही, अट सैल करत नाही, धाकही घालत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात शिकवण जड वाटून बरेच शिष्य सोडून जातात, तेव्हा उरलेल्या बारा जणांनाही, तुम्हाला जायचे आहे का, असे विचारले जाते.

नकाराची मुभा अशी हाकेतच सामावलेली आहे. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या होकाराला काही वजन राहत नाही. तत्त्व म्हणून हे मान्य व्हायला वेळ लागत नाही. अडचण पुढे सुरू होते. माणसाने केलेली निवड खरोखर त्याची असते का, हा धर्मशास्त्राचा प्रश्न. ती त्याचीच होती हे दुसऱ्या कोणी कसे ठरवायचे, हा समाजाचा आणि कायद्याचा प्रश्न. या दुसऱ्या प्रश्नाचा कस रायपूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखात फार जवळून लागला. हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. १८५४ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि पुढेही, १९५६ पर्यंत, रायपूरचा कारभार ज्या प्रांतातून चाले त्याची राजधानी नागपूरच होती.

धर्मशास्त्रातला वाद दीड हजार वर्षांहून जुना आहे. देव जे करायला सांगतो ते करण्याची ताकद माणसात असलीच पाहिजे, नाहीतर सांगण्याला अर्थ काय, असे पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियसने विचारले. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याला ते पटले नाही. माणसाची इच्छाच आजारी आहे, तिला आधी कृपेने बरे केल्याशिवाय ती चांगल्याकडे वळत नाही, असे त्याचे म्हणणे. अकराशे वर्षांनी हाच वाद पुन्हा पेटला. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी लूथरने इच्छा बांधलेली आहे असे ठणकावणारे उत्तर छापले. १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या धर्मसभेने आर्मिनियसच्या अनुयायांना दोषी ठरवले. कृपा नाकारण्याची शक्ती माणसाजवळ उरते, हे त्यांचे मत सभेला मानवले नाही. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने तेच मत उचलून धरले आणि मेथडिस्ट पंथाच्या द्वारे ते जगभर गेले. भारतीय वाचकाला हा पेच नवा वाटू नये. रामानुजांच्या परंपरेतही त्यावरून दोन तट पडले. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते, मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. भक्त यांपैकी कोणासारखा, हाच तिथलाही प्रश्न होता.

या वादातून एक निष्कर्ष मात्र निघत नाही, आणि तो इतिहासात वारंवार काढला गेला. इच्छा दुबळी आहे असे मानले, तरी तिला बाहेरून ढकलण्याचा अधिकार कोणा माणसाला मिळत नाही; कारण बरे करणारी कृपा देवाची आहे, शिपायाची नव्हे. ऑगस्टीन इथेच घसरला. दोनातिस्त पंथीयांना वठणीवर आणण्यासाठी राजदंड वापरायला त्याने अखेर संमती दिली आणि त्यासाठी मेजवानीच्या दृष्टान्तातल्या, लोकांना आग्रहाने आत आणा, या वाक्याचा आधार घेतला. पुढच्या अनेक शतकांच्या सक्तीला हे वाक्य पुरले. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, टिकले. १५५९ च्या राजाज्ञेने हिंदू अनाथ मुले चर्चच्या ताब्यात देण्याची व्यवस्था केली. त्याच गोव्यात, साष्टीत, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी छंदात ‘ख्रिस्तपुराण’ रचले; ते १६१६ मध्ये छापले गेले. श्रोत्याच्या भाषेत, त्याला आवडणाऱ्या पुराणाच्या घाटात गोष्ट सांगायची, त्याने शंका विचारायच्या आणि सांगणाऱ्याने उत्तरे द्यायची, असे त्या ग्रंथाचे रूप आहे. एकाच सत्तेच्या छायेत हाक आणि सक्ती शेजारी नांदत होत्या. म्हणून एकीच्या नावाने दुसरीचा हिशेब मांडता येत नाही.

छत्तीसगढमध्ये मिशन आले ते वेगळ्या परिस्थितीत. १८६८ मध्ये जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर यांनी रायपूरच्या उत्तरेला, आजच्या बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात, बिश्रामपूर वसवले. त्यांचे लक्ष सतनामी समाजाकडे होते. या समाजाने आपली मोठी निवड आधीच केलेली होती, ही गोष्ट मिशनच्या कहाणीत अनेकदा मागे पडते. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका निराकार सतनामाची शिकवण दिली, मूर्तिपूजा आणि जातिभेद झुगारायला सांगितले, आणि अस्पृश्य ठरवलेल्या हजारो शेतकऱ्यांनी ते स्वीकारले. एक देव मानणारा, जात न मानणारा समाज ख्रिस्ताकडे सहज वळेल, हा लोर यांचा अंदाज होता. तो फारसा खरा ठरला नाही. बहुसंख्य सतनामी आपल्या पंथातच राहिले, थोडी कुटुंबे ख्रिस्ती झाली. ज्यांना जात आणि मूर्ती दोन्ही सोडायच्या होत्या त्यांना सतनामाच्या वाटेने ते आधीच साधले होते. त्यांचा नकार हाही पूर्ण विचाराचा नकार होता.

होकार देणाऱ्यांची स्थिती मात्र गुंतागुंतीची होती. बिश्रामपुरात मिशन हेच गावाचे मालगुजार होते. धर्मोपदेशक, शाळा चालवणारा आणि जमिनीचा खंड घेणारा हात एकच असला, की कुळाचा होकार कोणाला दिलेला आहे हे त्या कुळालाही नीट सांगता येणार नाही. त्यातून तो होकार खोटा ठरत नाही. पोट, मान, मुलांचे शिक्षण आणि परमेश्वराची ओढ यांची माणसाच्या मनात वेगवेगळी खाती नसतात. अस्पृश्यतेच्या जाचातून सुटण्याची इच्छा हीसुद्धा आध्यात्मिक इच्छा असू शकते, हे महाराष्ट्राने नंतर पाहिले. डॉ. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे वाचनात, तुलनेत आणि जाहीर चर्चेत गेली. त्या निर्णयाला ऐहिक कारणे होती म्हणून तो मनापासूनचा नव्हता, असे म्हणणे हास्यास्पद होईल. हेतू मिश्र असणे हा दोष नव्हे. दोष तेव्हा उत्पन्न होतो जेव्हा देणारा आपल्या हातातली भाकर, जमीन किंवा औषध त्या होकाराला बांधून ठेवतो.

रायपूरच्या दक्षिणेला धमतरीत हा पेच आणखी तीव्र झाला. १८९९ मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशन तिथे पोचले, तेव्हा छत्तीसगढ लागोपाठच्या दुष्काळांनी होरपळत होते. मेनोनाइटांची परंपरा १५२५ च्या झुरिकमधून निघते. अर्भकाला बाप्तिस्मा देऊ नये, तो समजत्या माणसाने स्वतः मागून घ्यावा, एवढ्या आग्रहापायी त्यांच्या पूर्वजांचा छळ झाला. फेलिक्स मांझ याला १५२७ मध्ये लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. ख्रिस्ती पंथांत निवडीच्या स्वातंत्र्यासाठी एवढी किंमत मोजलेले पंथ थोडेच. त्यांच्याच पदरात धमतरीत दुष्काळाने पोरकी केलेली मुले आली. मिशनने अनाथाश्रम काढले, अन्न दिले, शाळा सुरू केल्या, पुढे १९१० मध्ये दवाखाना उभा राहिला. आरंभीच्या मंडळीत या आश्रमांतून वाढलेल्यांचा भरणा मोठा होता. मोठे होऊन बाप्तिस्मा मागणाऱ्या मुलाला वयाची अट पूर्ण झालेली असे. पण त्याला दुसरे घर माहीत नव्हते. मुलांना वाचवणे बरोबर होते आणि त्यांच्या होकारात मोकळीक कमी होती, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. अज्ञान मुलांच्या संमतीचा प्रश्न त्याआधीही मराठी मुलखात कोर्टापर्यंत गेला होता. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. त्याला जातीत परत घेण्यावरून मग ब्राह्मणवर्गात मोठा वाद झाला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली. परतीची वाट अडवणारे बहुतेकदा घरचेच असतात, हेही त्या प्रकरणात दिसले.

तिसरे गाव रायपूरच्या पश्चिमेला, नागपूरच्या रेल्वेमार्गावरचे राजनांदगाव. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक कामाच्या शोधात तिकडे निघाले असता गाडीच्या डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याशी त्यांचे बोलणे झाले. त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते खरे वाटले नाही, पण शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी पुस्तक वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर ते थांबले ते तिथेच रमले. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची पुन्हा गाठ पडायची कोणतीही व्यवस्था नव्हती. नोकरी, जमीन, मानमरातब यांपैकी काही त्या पुस्तकासोबत आले नाही. उलट १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी घर, नातेवाईक आणि समाज एकदम गमावले. हाक मोकळी असण्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

तरी याच उदाहरणाची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नवऱ्याच्या स्वतंत्र निवडीने बायकोवर आकाश कोसळले आणि त्या निवडीत तिला कोणी विचारलेले नव्हते. काही काळ त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे टिळकांकडे परत आल्या तेव्हाही आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. त्या नवऱ्याच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, हळूहळू आचार बदलला, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. एका छपराखाली दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी तोच निर्णय घेतला. पंडिता रमाबाईंची गोष्ट याला जोडून येते. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर, अँग्लिकन धर्मभगिनींनी सांगितलेले प्रत्येक मत स्वीकारायला त्यांनी नकार दिला. आपल्या विवेकाने मान्य केलेलेच मानायचे, यावर त्या पत्रोपत्री अडून बसल्या. होकार एकदा दिला की विचार संपतो, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली.

स्वातंत्र्यानंतर हा विषय राज्यघटनेकडे गेला. घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ ला धर्मप्रसाराच्या हक्कावर जोरदार चर्चा झाली आणि अखेर २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, धर्म पाळणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे, असे सारे सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत मान्य झाले. मध्य प्रदेशात त्या वेळी मुख्यमंत्री रायपूरचे रविशंकर शुक्ल होते. त्यांच्या सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली. दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त, जबलपूरचे सेठ गोविंददास आणि वर्ध्याचे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे तिचे सदस्य होते. १९५६ च्या अहवालात समितीने शाळा, दवाखाने आणि परकीय पैसा धर्मांतरासाठी वापरला जातो असा ठपका ठेवला. मिशनांनी तो एकांगी ठरवला. तरी उपकाराला अट बांधू नये, ही त्यातली मध्यवर्ती हरकत ख्रिस्ती कसोटीलाही उतरणारी आहे. कॅथलिक चर्चने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सक्तीचा, आणि विशेषतः गरीब व अशिक्षितांच्या बाबतीत अनुचित वळवणुकीचा, स्वतःहून निषेध केला.

१९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्म स्वातंत्र्य अधिनियम केला. बळ, प्रलोभन आणि फसवणूक यांनी धर्मांतर घडवणे गुन्हा ठरला. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यक्ती अज्ञान, स्त्री, अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल तर दोन वर्षे आणि दहा हजार. धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे. २००० मध्ये छत्तीसगढ वेगळे झाले तेव्हा हाच कायदा त्याच्या वाट्याला आला. त्याखाली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर खटला भरण्याची परवानगी बलौदाबाजारच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याने दिली आणि तो तालुका, जो तेव्हा रायपूर जिल्ह्यात होता, देशाच्या न्यायेतिहासात गेला. ओडिशाच्या तशाच कायद्याला तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केले होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आपला कायदा वैध ठरवला होता. १७ जानेवारी १९७७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, सरन्यायाधीश ए. एन. राय यांच्या निकालपत्रातून, दोन्ही कायदे कायम केले. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क घटनेत आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही, कारण तसे केल्यास ऐकणाऱ्याच्या विवेकस्वातंत्र्यावर आघात होतो, असे न्यायालयाने म्हटले.

मुंबईचे घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवई यांनी या निकालावर कठोर टीका केली. समजावून सांगण्यामागे पटवण्याचा हेतू असतोच आणि पटलेला माणूस ते स्वीकारतो. निवडायला पर्याय समोर यावे लागतात, तेव्हा सांगणाऱ्याचे स्वातंत्र्य हा ऐकणाऱ्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अंगाने पाहिले तर दोन्ही बाजूंत तथ्य सापडते. माणूस माणसाला धर्मांतरित करू शकत नाही हे न्यायालयाचे वाक्य ऑगस्टीन किंवा लूथर यांना आश्चर्याचे वाटले नसते; मन वळवणे त्यांच्या मते कृपेचे काम. पण ज्याने स्वतः निवड केली, त्याच्या निवडीचा कर्ता दुसराच कोणी आहे असे कायदा गृहीत धरतो, तेव्हा तो माणूस स्वतःच्याच निर्णयातून बाद होतो. स्त्रिया, दलित आणि आदिवासी यांना अज्ञान मुलांच्या रांगेत बसवणारी तरतूद याच कारणाने खटकते. दुबळ्यावर दबाव सहज येतो हे खरे. पण लक्ष्मीबाई, रमाबाई आणि सतनाम स्वीकारणारे हजारो शेतकरी यांनी आपले निर्णय कोणाहून कमी विचाराने घेतले नव्हते. बळाच्या व्याख्येत दैवी कोपाची भीती घातली आहे. भाकर दाखवून वळवण्याइतकेच नरक दाखवून वळवणे होकार पोकळ करते, हे प्रवचनकारांनी मानायला हरकत नाही. मात्र भीतीचे प्रवचन आणि पापाचा इशारा यांतली रेघ पोलिसांना आखता येईल, याची खात्री देता येत नाही.

कायदा प्रलोभन मोजतो. धर्मांतराची शिक्षा मोजत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या सतनामी कुटुंबाचा तो जातो, जात मात्र गावात चिकटलेलीच राहते. आदिवासींना हा नियम लागू नाही, तरी त्यांची किंमत दुसरीकडे वसूल होते. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमधल्या एका ख्रिस्ती पाळकाचे पार्थिव गावात पुरू देण्यास विरोध झाला आणि ते सुमारे वीस दिवस शवागारात राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि अखेर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश निघाला. दुसरीकडे, २००६ मध्ये छत्तीसगढ विधानसभेने मंजूर केलेल्या दुरुस्तीत पूर्वजांच्या धर्मात परतणे हे धर्मांतर मानू नये अशी तरतूद होती. एका दिशेला चौकशी आणि दुसऱ्या दिशेला मोकळा रस्ता असेल तर निवड उरत नाही, उतार तयार होतो. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आगाऊ सूचनेची अट रद्द करताना श्रद्धा स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क मान्य केला, तो याच असमतोलावरचा उपाय होता.

एवढ्या इतिहासातून मोकळ्या होकाराच्या काही खुणा निघतात. ऐकणाऱ्याला काय स्वीकारायचे आहे हे त्याच्या भाषेत कळलेले असावे. नाही म्हटल्यास त्याची जमीन, औषध, मुलांची शाळा यांतले काही जाऊ नये. हो म्हटल्यास त्याचे आरक्षण, वारसा, गावातली स्मशानाची जागा जाऊ नये. वारसाहक्काचा अडथळा १८५० च्या कायद्याने काढला, बाकीचे बरेच उरले आहेत. अज्ञान मुलांचा निर्णय ते मोठे होईपर्यंत थांबावा. जो आत आला त्याला बाहेर जाण्याची, आणि जो गेला त्याला परत येण्याची वाट सारखीच रुंद असावी. यांतल्या निम्म्या अटी चर्चने आणि मिशनांनी पाळायच्या आहेत, निम्म्या सरकारने आणि गावाने. मनाच्या आत काय घडले ते कोणालाच तपासता येत नाही, पण या बाहेरच्या अटी तपासता येतात, आणि न्यायालयाने, चर्चने किंवा शेजाऱ्याने आपले काम तिथवरच ठेवावे.